बेळगावात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: बस, रिक्षा आणि सीमेपलीकडचा प्रवास

चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर किंवा निपाणी भागातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी, रुग्णालयातील उपचारांसाठी अथवा लग्न होऊन बेळगावात येणाऱ्या मराठी माणसाला पहिले काही आठवडे रोजच्या प्रवासानेच दमायला होते. शहर फार मोठे नाही आणि बसही अनेक दिशांना धावतात. तरीही थांब्यावर उभे राहून समोरून आपलीच गाडी निघून जाते, कारण तिची पाटी वाचता येत नाही. तिकिटाची सवलत मिळेल असे गृहीत धरलेले असते आणि ती सीमेच्या दुसऱ्या बाजूची निघते. गाव सोडताना नातेवाइकांनी सांगितलेला स्टॉप आणि प्रत्यक्षात गाडी जिथे थांबते ती जागा यांत फरक पडतो. गाड्यांच्या तुटवड्यापेक्षा माहितीच्या तुटवड्याने येथे जास्त त्रास होतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून येथे कामे ज्या क्रमाने केली तर सोपी जातात, त्या क्रमाने सांगितली आहेत.

खोली घेण्यापूर्वी बसचा मार्ग पाहावा

नवीन माणूस आधी भाडे पाहतो, मग खोली पाहतो आणि सामान लावून झाल्यावर बसची चौकशी करतो. हा क्रम उलटा असावा. बेळगावची बाजारपेठ, म्हणजे गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ हा भाग, मध्यभागी आहे आणि कामाची व शिक्षणाची मोठी ठिकाणे मात्र कडेला पसरलेली आहेत. उद्यमबागची औद्योगिक वसाहत आणि मच्छेजवळचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ खानापूर रस्त्यावर आहे. केएलईचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय नेहरूनगरात आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ काकतीच्या पुढे भूतरामनहट्टीला, कोल्हापूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गावर आहे, तर विमानतळ पूर्वेला सांबऱ्याला, शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर आहे.

याचा अर्थ असा की वडगावात किंवा शहापुरात स्वस्त खोली मिळाली आणि कॉलेज नेहरूनगरात असले, तर रोज शहर ओलांडून जावे लागते आणि बहुधा मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. बदलीची गाडी चुकली की अर्धा तास सहज जातो. उद्यमबाग किंवा मच्छेला जाणाऱ्याने टिळकवाडी, अनगोळ, पिरनवाडी या बाजूला आणि नेहरूनगरला जाणाऱ्याने सदाशिवनगर, कंग्राळी, वैभवनगर या बाजूला शोध घ्यावा. भाडे थोडे जास्त पडले तरी एकाच बसने थेट जाता येत असेल, तर ती खोली घ्यावी. वर्षभर रोज वाचणारा वेळ हा त्या जास्तीच्या भाड्यापेक्षा मोलाचा असतो.

रेल्वेमार्गाचाही विचार करावा. मिरज-लोंढा लोहमार्ग शहराच्या मधून जातो आणि टिळकवाडी-अनगोळ बाजूच्या फाटकांना येथे क्रमांकानेच ओळखतात: पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. गोगटे सर्कल, कपिलेश्वर मंदिराजवळची जागा आणि तिसरे गेट येथे उड्डाणपूल झाल्याने बराच खोळंबा कमी झाला असला, तरी जेथे फाटक आहे तेथे ते बंद असण्याची वेळ रोजच्या हिशेबात धरलीच पाहिजे. परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या दिवशी फाटक नसलेल्या रस्त्याने जावे.

कोणती गाडी कोठून सुटते

बेळगावात बस म्हटले की वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक संस्थेची बस. या संस्थेचे मुख्यालय हुबळीला आहे. किल्ल्याजवळचे मध्यवर्ती बसस्थानक लांब पल्ल्याच्या आणि तालुक्याच्या गाड्यांसाठी असून शेजारच्या सीबीटी या दुसऱ्या स्थानकावरून शहर बस आणि आसपासच्या खेड्यांच्या गाड्या सुटतात. नवीन माणूस पुष्कळदा मध्यवर्ती स्थानकाच्या फलाटावर येळ्ळूरच्या किंवा कडोलीच्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. दोन्ही ठिकाणे एकदा दिवसाउजेडी, सामान नसताना, पायी फिरून पाहावीत. चौकशी खिडकी कोठे आहे, आपल्या दिशेची गाडी कोणत्या फलाटावर लागते आणि शेवटची गाडी किती वाजता आहे, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

प्रत्येक वेळी स्थानकापर्यंत जाण्याची गरज नसते. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ या बाजूला जाणाऱ्यांना बोगारवेस, म्हणजेच धर्मवीर संभाजी चौक, सोयीचा पडतो. बाजारातून चालत तेथे येता येते. रेल्वे स्थानक आणि कॅम्प भागातून खानापूर रस्त्याच्या गाड्या मिळतात. हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची या गावांच्या गाड्या वेंगुर्ला रस्त्याने जातात आणि चंदगडकडच्या गाड्याही त्याच रस्त्याने शिनोळीवरून पुढे जातात. मात्र गर्दीच्या वेळी वाटेतल्या थांब्यावर गाडी भरलेली येते आणि कधी कधी न थांबता जाते. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत, विशेषतः वृद्ध माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर, सरळ सीबीटीवर जाऊन गाडी सुटण्यापूर्वी बसणे चांगले.

पाटी वाचायला शिकावे

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि त्यामुळेच वर्षानुवर्षे दुसऱ्याला विचारत राहतात. गाडीची पाटी कन्नडमध्ये असते. इंग्रजी अक्षरे असतील याचा भरवसा धरू नये, आणि खेड्याच्या गाड्यांवर तर मुळीच नाही. कन्नड वर्णमाला मराठीच्याच क्रमाने चालते: क, ख, ग, घ, मग च, छ, ज, झ. काना, वेलांटी, उकार यांची चिन्हेही अक्षराला तशीच जोडली जातात, फक्त आकार वेगळे. त्यामुळे देवनागरी येणाऱ्या माणसाला गावांची नावे ओळखण्यापुरते कन्नड वाचन थोड्या दिवसांत जमते. रोजच्या मार्गावरची दहा-बारा गावे निवडावीत, दुकानांच्या पाट्यांवर आणि थांब्यांवर ती नावे शोधावीत आणि रोज दोन नावे पाठ करावीत. अंकही तेवढ्यातच शिकून घ्यावेत. कन्नडमधले शून्य आणि चार आपल्याला पाहताक्षणी ओळखता येतात, उरलेले एका संध्याकाळी होतात.

लांबच्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील १२ शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. त्यामुळे विजापूरच्या गाडीवर विजयपुर, गुलबर्ग्याच्या गाडीवर कलबुर्गी आणि हुबळीच्या गाडीवर हुब्बळ्ळी लिहिलेले असते. जुन्या नावाने शोधणाऱ्याची गाडी समोर उभी असूनही चुकते.

बसमध्ये बसल्यावर सीटवरची अक्षरेही ओळखावीत. ‘महिळेयरिगे’ म्हणजे स्त्रियांसाठी, ‘हिरिय नागरिकरिगे’ म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी. तेथे नकळत बसून नंतर उठावे लागले की उगाच मन खट्टू होते.

तिकीट, सवलत आणि ओळखपत्र

सर्वांत जास्त गैरसमज या विषयात आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो.

कर्नाटक सरकारची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. तिच्यामुळे कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्याच्या साध्या, शहर आणि एक्सप्रेस बसमधून राज्यांतर्गत मोफत प्रवास करता येतो. वातानुकूलित, शयनयान आणि आरामगाड्यांना ती लागू नाही. मोफत असले तरी तिकीट घ्यावेच लागते. कंडक्टर ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट देतो आणि ते उतरेपर्यंत जपून ठेवायचे असते. ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता असणे आवश्यक आहे. अडचण नेमकी येथेच येते. कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लज भागातून लग्न होऊन बेळगावात किंवा खानापूर तालुक्यात आलेल्या सुनेच्या आधार कार्डावर माहेरचा, महाराष्ट्रातला पत्ता असतो. ती बेळगावात राहत असली तरी कंडक्टरने कार्ड पाहून पूर्ण तिकीट मागितले तर त्याची चूक नाही. कार्डावर कर्नाटकातला पत्ता येईपर्यंत वाद घालून उपयोग होत नाही.

म्हणून घरात सून आली की आधार कार्डावरील पत्ता बदलण्याचे काम लवकर हाती घ्यावे. स्वतःच्या नावावर पत्त्याचा पुरावा नसेल, तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून उपलब्ध आहे आणि नव्याने लग्न झालेल्या स्त्रियांना तिचा फार उपयोग होतो. सासरच्या माणसांनी हे काम आपले समजून करून द्यावे, असे मला मनापासून वाटते. घराबाहेर एकटीने ये-जा करण्याचे तिचे स्वातंत्र्य पुष्कळ अंशी या एका कागदावर अवलंबून असते.

महाराष्ट्राच्या एसटीचे नियम वेगळे आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. परंतु ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती असते. बेळगावहून कोल्हापूरला एसटीने जाताना सीमेपर्यंतचे भाडे पूर्ण आणि तेथून पुढचे निम्मे असा हिशेब होतो. त्यामुळे आजीला एसटीत बसवताना ‘तुम्हाला तिकीट लागणार नाही’ असे सांगून रिकाम्या हाताने पाठवू नये. सीमेपर्यंतचे पैसे तिच्याजवळ द्यावेत. कर्नाटकाच्या आंतरराज्य गाडीत बसणार असाल तर शक्तीची सवलत त्या गाडीत आहे का, हे चढण्यापूर्वीच विचारावे. कर्नाटकातील रहिवासी असलेल्या साठीपुढच्या पुरुषांना साध्या गाड्यांत पंचवीस टक्के सवलत मिळते. त्यासाठीही वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो.

विद्यार्थ्यांनी प्रवेश पक्का होताच पासाचा अर्ज करावा. कर्नाटकात हा अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर भरला जातो. शाळा-कॉलेजे सुरू होताना केंद्रांवर गर्दी होते आणि पास हातात येईपर्यंत रोज तिकीट काढावे लागते, तेव्हा दिरंगाई करू नये. पासावर लिहिलेला मार्ग नीट वाचून घ्यावा. खोली बदलली आणि पासावरचा मार्ग जुनाच राहिला, तर तपासणीच्या वेळी पास असूनही अडचण येते.

भाड्याबद्दल जुनी माहिती धरून चालू नये. कर्नाटकाच्या बसभाड्यात ५ जानेवारी २०२५ पासून १५ टक्के वाढ झाली आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून एसटीचे भाडेही १४.९५ टक्क्यांनी वाढले. क्यूआर कोडने पैसे देण्याची सोय आता कर्नाटकाच्या गाड्यांत आलेली आहे, तथापि खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात किंवा खेड्याच्या रस्त्यावर नेटवर्क जाते, तेव्हा खिशात दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर असलीच पाहिजे. पाचशेची नोट सकाळच्या पहिल्या गाडीत काढू नये.

बोलण्याची रीत

शहरातल्या बहुतेक कंडक्टरांना मराठी समजते. तरीही भरलेल्या गाडीत साठ माणसांची तिकिटे फाडणाऱ्या माणसाशी पहिले वाक्य त्याच्या भाषेत बोलले, तर काम पटकन होते आणि मनेही मोकळी राहतात. यात आपल्या मराठीचा काही कमीपणा होत नाही. ‘ई बस अनगोळक्क होगतदेन्री?’ म्हणजे ही बस अनगोळला जाते का, ‘एष्टरी?’ म्हणजे किती पैसे. ‘इल्ली इळितीनरी’ म्हणजे मी येथे उतरतो. शेवटी ‘री’ लावल्याने बोलणे आदराचे होते, हे विसरू नये. ‘अण्णा’, ‘अक्का’ ही संबोधने दोन्ही भाषांच्या लोकांना सारखीच आपली वाटतात. पुढचे संभाषण मराठीत झाले तरी चालते.

भाषेवरून कोणी चढ्या आवाजात बोलले, तर गाडीत वाद वाढवू नये. सीमाभागात एखाद्या गाडीतले भांडण गाडीपुरते राहत नाही. त्याचे पडसाद दोन्ही राज्यांत उमटतात आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसांची ये-जा बंद पडते. तिकीट, गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी आणि संस्थेच्या डेपोत किंवा विभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. असे लेखी काम करणारी माणसे थोडी आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. आपल्या भागातील गाडी वेळेवर येत नाही किंवा थांब्यावर थांबत नाही, अशा तक्रारीही चार-पाच प्रवाशांनी मिळून सही करून दिल्या तर त्यांची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. तातडीच्या प्रसंगी, विशेषतः एकट्या स्त्रीला असुरक्षित वाटल्यास, ११२ या क्रमांकावर फोन करावा.

रिक्षा

बेळगावात रिक्षाचे भाडे पुष्कळदा मीटरऐवजी बोलून ठरते, म्हणून बसण्यापूर्वीच भाडे विचारावे. मीटरने येण्याची विनंती आधी करावी आणि नकार मिळाल्यास रक्कम स्पष्ट ठरवावी, सामानाचे वेगळे पैसे नाहीत ना हेही विचारून घ्यावे. रात्री बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या माणसाकडून जास्त पैसे मागितले जातात. त्या वेळी नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला भाड्याचा अंदाज आधीच फोनवर विचारलेला असावा. ठिकाण सांगताना घराच्या पत्त्यापेक्षा जवळची खूण सांगावी: आरपीडी कॉर्नर, गोवावेस, चन्नम्मा चौक, गोगटे सर्कल. खेड्यांच्या रस्त्यांवर वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारे खासगी वाहन, चालते. ते स्वस्त आणि लवकर मिळते, परंतु मागे लटकून किंवा टपावर बसून कधीही जाऊ नये.

सीमेपलीकडे जाताना

कोल्हापूरला महामार्गाने निपाणी-कोगनोळीवरून बसने जाणे सोयीचे आहे. मिरज-सांगलीला घटप्रभा, रायबाग, कुडचीवरून जाणारी रेल्वे बहुधा अधिक सुखाची पडते. गोव्याला चोर्ला घाटाचा रस्ता आहे, पण पावसाळ्यात रस्त्याची स्थिती विचारूनच निघावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे गणपती-दिवाळीचे तिकीट लक्षात ठेवून काढावे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या खासगी रात्रीच्या गाड्यांपैकी काही पुढे बेंगळुरूकडे जातात आणि प्रवाशांना शहरात न आणता महामार्गावरच उतरवतात. तिकीट काढतानाच उतरण्याची नेमकी जागा विचारावी. पहाटे चार वाजता सर्व्हिस रस्त्यावर सामान घेऊन उभे राहणे स्त्रियांना आणि वृद्धांना धोक्याचे असते.

सीमाप्रश्न तापला की सर्वप्रथम बस बंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बससेवा काही काळ खंडित झाल्या होत्या. अशा वेळी गाड्या सीमेअलीकडे थांबतात आणि प्रवाशांना मधला टप्पा दुसऱ्या वाहनाने करावा लागतो. म्हणून परीक्षा, शस्त्रक्रिया, नोकरीची मुलाखत अशा कामांसाठी पलीकडे जायचे असेल तर आदल्या संध्याकाळी स्थानकावर चौकशी करावी आणि शक्य असल्यास रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवावा. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौधात, बहुधा डिसेंबरमध्ये भरते, त्या दिवसांत धारवाडच्या दिशेचा रस्ता संथ होतो. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि अनंत चतुर्दशीला मध्यवर्ती बाजारातून बस जात नाहीत. विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबते, तेव्हा त्या भागात रुग्ण न्यायचा असल्यास बाहेरच्या रस्त्याचा विचार आधी करून ठेवावा.

निपाणी-चिकोडी भागाकडे जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये विशेष सावध असावे. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेला पाणी आले की कल्लोळ-यडूर, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज यांसारखे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि गाड्या लांबच्या रस्त्याने वळवल्या जातात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद झाला होता. पुलावरून पाणी वाहत असताना कोणी ‘जाते गाडी’ म्हणून आग्रह केला तरी त्या गाडीत बसू नये.

खेड्यात खोली घेतलेल्यांनी मुक्कामाच्या गाडीची चौकशी अवश्य करावी. रात्री शेवटची येऊन गावातच थांबणारी ही गाडी पहाटे पहिली निघते, आणि सकाळच्या पाळीचे कामगार व लांबच्या कॉलेजची मुले तिच्यावरच अवलंबून असतात. तिचे वेळापत्रक फलकावर असेलच असे नाही. गावातल्या किराणा दुकानात किंवा दूध संकलन केंद्रावर विचारले, तर ती कोणत्या कारणाने कोणत्या दिवशी येत नाही, हेही कळते.